मांडवाचे डहाळे

या, देवळात जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाआधी बुवांचा चहा होईपर्यंत आमच्या या उंबऱ्या डोंगराची गोष्ट सांगतो. देवाची करणी तर गोडच, पण माणसाचीही कधी कधी ऐकण्यासारखी असते.

पिंपळनेरहून येताना पाहिलात ना? मागे मांगी-तुंगीची जोडी, त्याही पलीकडे साल्हेर. त्यांच्यापुढे आमचा उंबऱ्या ठेंगणाच. पण अंगभर हिरवा! वैशाखातही त्याच्या कपारीतला झरा आटत नाही. पायथ्याच्या चार गावांच्या विहिरी त्याच्याच जिवावर. एके काळी हा डोंगर उघडाबोडका होता. आमच्या गावच्या भिकन नानांनी चारी गावांना याच देवळात बसवून नियम केला : ओली फांदी तोडायची नाही. तोडली, तर मृग लागेपर्यंत रोज कावडीने वरच्या रोपांना पाणी घालायचं.

गेल्या वैशाखात नानांच्या मुलीचं, रत्नाचं लग्न होतं. मांडवाचे डहाळे आणायचा मान मामाचा. नानांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा हा भाऊ जीवराम तरुणपणीच सावद्याला केळीच्या कामाला गेला, तिथलाच झाला. नियमाची त्याला गंधवार्ताही नाही. सकाळी वाजतगाजत आला तो गाडीभर उंबर-जांभळाचे डहाळे घेऊन. थेट उंबऱ्यावरून!

वाजंत्री थांबली. फांदी तोडल्यापायी आदल्या उन्हाळ्यात कावड वाहिलेला बन्सीलाल गर्दीतून म्हणाला, "आते देखूत, नानाना कायदा साल्याले लागू शे का!"

नानांपुढे पेच. सूट दिली तर उद्या चारी गावांच्या कुऱ्हाडी डोंगर चढणार. नियम लावला तर मामा रुसून जाणार, आणि पोरीला मांडवात आणणार कोण?

जीवराम तापलाच. "दाजी, मी मामा शे का चोर शे?"

"चोर नई रे भाऊ. चूक मनी शे, मी तुले सांगंच नई." असं म्हणून नानांनी कावड खांद्यावर घेतली आणि कोऱ्या धोतरात डोंगराची वाट धरली.

"आवं, वऱ्हाड ई ऱ्हायनं!" वच्छलाबाई ओरडत राहिल्या.

जीवराम मागे धावला, दाजींना ओढून आणायला. वर पोचला तर नाना धापा टाकत एकेका आळ्यात पाणी घालत होते. रोपांच्या रांगा पार कड्यापर्यंत गेलेल्या. वरती साग, मोह, ऐन. खाली चारी गावांची कौलं.

"दाजी, हाई बठ्ठं तुम्ही लायं?" एवढं सगळं दाजींनी लावलं, यावर त्याचा विश्वास बसेना.

"चार गावनी लायं. मी नुसती राखन करस."

जीवरामने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "कावड आन इकडे."

"पहिले भाचीले मांडवमा आन."

"आनस. पहिले दोन खेपा."

वऱ्हाड उन्हात ताटकळलं, नवरदेवाच्या काकांनी आवाज चढवला, पण लग्न लागलं. रत्नाला मांडवात आणताना मामाच्या सदऱ्यावर चिखल होता.

आम्हाला वाटलं, पाठवणी झाली की हाही जाईल. सावद्याहून त्याच्या मुलाचे, ललितचे फोनावर फोन, केळी कापणीला आली म्हणून. याचं एकच, "मृग लागू दे." महिनाभर रोज चढला. खांदा सोलवटला, तेव्हा बन्सीलालनेच आपलं जुनं उपरणं घडी करून त्याच्या कावडीखाली ठेवलं.

नानांचं नाव सगळेच घेतात, घ्यावंच. पण परत जाताना झऱ्यावर ओंजळ धराल, माउलींनो, तेव्हा जीवराम मामाचीही आठवण करा.