डब्याएवढं आभाळ

मी रंगांची पाटी बोलतेय. चित्रकार मला पॅलेट म्हणतात, पण पाटी म्हटलंत तरी मी रुसणार नाही. लेनिनग्राडच्या एका सुताराने मला घडवलं आणि अर्कादीच्या हाती सोपवलं.

अर्कादी निसर्गचित्रं काढायचा. तरुणपणी बर्फ, बर्चची झाडं आणि कोपऱ्यात एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर त्याला नको असायचा, सोव्हिएत सरकारच्या साहेबलोकांना हवा असायचा. पुढे साहेब गेले, ट्रॅक्टर गेला आणि का कोण जाणे, रंगही गेले. उरला नुसता करडा. माझा तर जीव विटला होता.

ब्याण्णव साली तो मुलीपाठोपाठ अमेरिकेत, जर्सी सिटीत आला आणि त्याने चित्रं काढणंच सोडलं. इथलं एकही झाड माझ्या ओळखीचं नाही, म्हणायचा. मला त्याने बाल्कनीत कुंडीखाली सरकवलं. अंगावर रंगांऐवजी चिखल! फार वाईट वाटलं मला.

शेजारी नागपूरच्या सुहासिनीबाई राहायच्या. बुद्धपौर्णिमेला त्यांनी गोल स्टीलच्या डब्यातून खीर पाठवली. अर्कादीने ती चाटूनपुसून खाल्ली, डबा लख्ख घासला आणि मोठ्या ऐटीत परत करायला गेला. दारात बाईंची लेक हर्षिता उभी.

"नॉट एम्प्टी, काका," ती म्हणाली. "आई सेज, यू ऑल्वेज पुट समथिंग इन."

बिचारा ओशाळला. घरी येऊन फ्रिज उघडला, तर एक कांदा आणि मेयोनेझची बाटली. शेवटी त्याने मला कुंडीखालून ओढलं, डब्याच्या मापाचा गोल पुठ्ठा कापला आणि चित्र काढलं. तेच करडं रान.

ते बघून बाईंनी विचारलं, की काका, तुमच्याकडे ऊन पडतच नाही का? पुढच्या डब्यात पिठलं आलं आणि त्याने माझ्यावर भसकन पिवळा पिळला. मग काय, डबे येत राहिले, चित्रं जात राहिली. नदी, पलीकडच्या इमारती, पार्किंगमधलं एकुलतं एक झाड, सगळं गोल आणि उन्हात न्हालेलं. त्याच्या मुलीने मोठा कॅनव्हास आणून दिला, तर पठ्ठ्याने तोही गोल कापला.

परवा बाई तासाभरावरच्या वेस्ट विंडसरमधल्या नव्या घरी राहायला गेल्या. निघताना शेवटचा डबा देऊन गेल्या. अर्कादीचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, पुन्हा कुंडी? तो म्हणाला, थांबा, पटकन घासून देतो.

"आत्ता नको, काका," बाई म्हणाल्या. "रिकामा देत नाहीत ना? भरून घेऊन या. ट्रेन आमच्या घराजवळच येते."

आज सकाळपासून तो माझ्यावर हिरवा कालवतोय. तिकडे शेतं आहेत, असं हर्षिताने सांगितलंय. चित्र अजून ओलं आहे, नाहीतर केव्हाच निघाला असता. तुमच्या शेजारी असा कुणी करडा माणूस असेल, तर एवढं माझं ऐका, त्याच्याकडे एक भरला डबा पाठवून बघा.

आणि हो, चित्राच्या कोपऱ्यात त्याने एक छोटासा ट्रॅक्टर काढलाय. या वेळी कुणीही सांगितलं नव्हतं.