तारेवरचा तिसरा कान

मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे, मित्रांनो. जाड चामड्याची पेटी, बाजूला फिरवायचा दांडा आणि आत खणखणीत घंटी, असा माझा थाट होता. कारखान्यातल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या आणि तिथून मी थेट युद्धावर गेलो.

आमची पलटण नदीवरचा पूल राखत होती. मातीची पोती रचलेल्या खोलीत एका फळीवर मला ठेवले होते. मला सांभाळणारा ऑपरेटर तोतरा होता. समोर माणूस आला की त्याचा पहिला शब्दच बाहेर पडत नसे. पण माझा रिसीव्हर कानाला लावला की तो घडाघडा बोले. मागच्या ठाण्यावरचे अधिकारी त्याच्या स्पष्ट बोलण्याचे कौतुक करत, तेव्हा मीही फुशारून जाई.

पुढे भलतेच घडू लागले. जेवणाचा ट्रक कोणत्या वाटेने येणार ते माझ्यावरून ठरायचे आणि नेमके त्याच वाटेवर तोफगोळे पडायचे. वाट बदलली तरी तेच. एक चालक जिवानिशी गेला. उपाशी जवान एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. कुणी जरा बाजूला गेला तरी कुजबुज व्हायची. स्वयंपाकी तर उरलेल्या डाळीच्या पातेल्यावर झाकण घालून त्यावरच बसू लागला.

कर्नलसाहेबांना माझ्या ऑपरेटरचा संशय आला. "वाट आधी कुणाला कळते? यालाच! फोनवर पोपटासारखा बोलतो आणि माझ्यासमोर मुका होतो. सगळं सोंग आहे."

त्यांनी त्याला समोर उभे केले. "कुणाला बातमी देतोस? बोल!"

"सा... सा..."

"बघा, तोंडच उघडत नाही!" त्यांनी त्याचे हात मागे बांधायला लावले.

माझ्यातला आवाज काही दिवसांपासून बारीक येत होता. ते मला कळत होते, ऑपरेटरलाही कळले होते. पण मी दुसऱ्यांचे आवाज पोचवणारा, माझे स्वतःचे मी कुणाला सांगणार?

तेवढ्यात पलटणीचे डॉक्टर मध्ये पडले. "साहेब, हे सोंग नाही. तुम्ही पलीकडच्या खंदकात जा आणि तिथून फोनवर विचारा. ती तार वेगळी आहे, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही."

कर्नलसाहेब कुरकुरत गेले. माझी घंटी वाजली. डॉक्टरांनी रिसीव्हर ऑपरेटरच्या कानाशी धरला.

"साहेब, मी कुणाला काही सांगितलेलं नाही. ठाण्याच्या तारेवर आवाज बारीक झालाय. मध्ये कुणीतरी तिसरा फोन जोडलाय. हे सांगायला मी तुमच्याकडे आलो होतो. माझा पहिला शब्द निघायच्या आत तुम्ही मला हाकललंत. मला तार तपासू द्या. हवं तर मागे बंदूक लावा."

पलीकडून साहेबांनी डॉक्टरांना फोनवर बोलावले. मग आवाज आला, "न्या त्याला. दोन बंदुका लावा."

ओढ्यातल्या झुडपाखाली आमच्या तारेला एक चोरटी तार जोडलेली सापडली. ती सरळ शत्रूच्या बाजूला गेली होती. ऑपरेटरने ती तोडू दिली नाही. परत येऊन त्याने माझ्यावरून मोठ्याने सांगितले, "ट्रक पुलाच्या रस्त्याने पाठवा." खरी वाट मात्र मोटारसायकलस्वाराबरोबर ठाण्याला कळवली होती. पुलाच्या रस्त्यावर गोळे पडत राहिले आणि ट्रक रानातून सुखरूप आला. जवान पोटभर जेवले.

कर्नलसाहेबांनी ऑपरेटरची पाठ थोपटली. "चुकलं माझं. आता झालं गेलं विसर, इथेच राहा."

तो बोलू लागला. या वेळी साहेब थांबले.

"म... मला दु... दुसऱ्या पलटणीत पाठवा, साहेब. तुमची चा... चाहूल लागली की माझे हात आपोआप मा... मागे जातात."

साहेबांनी बदलीच्या कागदावर सही केली. ऑपरेटर त्याच ट्रकमधून निघून गेला. नव्या ऑपरेटरच्या हातात मी काम करत राहिलो, पण तसा आवाज माझ्यातून पुन्हा कधी गेला नाही.

आता मी एका शाळेच्या कपाटात पडून आहे. चामड्याला बुरशी आली आहे, दांडा अडकतो. मित्रांनो, मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि कधी कुणाचा संशय आलाच, तर आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. त्याला कितीही वेळ लागला तरी.