कोंबड्यांच्या खुराड्यावरची नंबरप्लेट

माझ्या एका कोपऱ्याला कोंबडीच्या चोचीच्या खुणा आहेत, त्यांना हसू नका, मित्रांनो. मी जुनी नंबरप्लेट आहे. माझ्यावर तुझला गावाची दोन अक्षरं आहेत, मग लाल चांदणी, मग ४१८-३६. ज्या युगोस्लाव्हिया देशाची ती चांदणी, तो देश आता नकाशावर सापडत नाही. मी मात्र आहे.

आम्ही जुळ्या बहिणी. मी गाडीच्या पुढे, ती मागे. मिठाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मेहदियानं आपल्या इवल्याशा पांढऱ्या गाडीला आम्हाला स्वतःच्या हातानं बसवलं आणि चार पावलं मागं जाऊन पाहिलं. त्याची बायको राबिया म्हणाली, "लग्नात माझ्याकडे तरी इतकं पाहिलं होतंस का?" मला तेव्हा फार लाज वाटली, आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

कारखान्यातला त्याचा सोबती विदोसाव. मेहदिया-राबियाची मुलगी मेवलिदा झाली तेव्हा तिचं पहिलं जावळ विदोसावनं कापलं. आमच्याकडे मुलीचं जावळ ज्याच्या हातून निघतं, तो तिचा कूम होतो, म्हणजे जन्माचा नातेवाईक. तो चर्चमध्ये जाणारा, हे मशिदीत जाणारे. पण या नात्यापुढे ते कोण बघतो? विदोसावकडेही तशीच गाडी होती. वाटेत भेट झाली की दोघं हॉर्न वाजवत, दोनदा आखूड, एकदा लांब. पीप पीप, पीऽऽप. उन्हाळ्यात समुद्रावर गेलो आणि परक्या गर्दीत आमच्या गावाची अक्षरं दिसली, की अनोळखी माणूससुद्धा हात हलवायचा. माझ्यामुळे माणसं हसायची, मित्रांनो. एका पत्र्याला आणखी काय हवं?

मग लढाई झाली. कोणी कोणाला का मारलं ते मला विचारू नका, मला कळलं नाही. विदोसावचं कुटुंब मायेवित्सा डोंगरापलीकडे गेलं, आणि डोंगरावरून एक रेषा गेली. इकडच्या गाड्यांना नव्या प्लेटा मिळाल्या, त्यांवर लिलीची फुलं. तिकडच्या प्लेटांवर त्यांचं चिन्ह, त्यांची लिपी. आम्हा बहिणींना मेहदियानं काढलं आणि खुराड्याच्या छपराला पडलेली दोन भोकं आम्हाला ठोकून बुजवली. कोंबड्यांना चांदणीचं कसलं कौतुक! मी खूप रडले असते, पण पत्र्याला गंजच येतो.

लढाई थांबली आणि मेवलिदाचं लग्न ठरलं. रेषेपलीकडे फोन लागत नव्हता. बसच्या एका प्रवाशाबरोबर निरोप पाठवला, आणि त्याच्याच हाती विदोसावची चिठ्ठी आली: 'माझी गाडीही गेली आणि गुडघेही. पोरीच्या लग्नाचं सांगायला तुम्ही या. चिठ्ठीनं कळवाल तर मी येणार नाही.'

"बघ, अजून तसाच हेकट!" मेहदिया म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला.

मेवलिदानं सांगून टाकलं, "बाबा, कूम नसेल तर मी लग्नाला उभी राहणार नाही."

ते तिघं निघाले; पुढचं मी नंतर अंगणात ऐकलं. डोंगराच्या शेवटच्या वळणावर रस्त्याकडेला बसलेल्या लोकांनी तोंडं पाहिली नाहीत, प्लेट पाहिली. एक दगड आला. कोणी मारला, दिसलं नाही. तो गाडीच्या पुढच्या भागावर बसला, हॉर्न कायमचा मुका झाला, आणि गाडी मागं फिरली. लग्न पुढं ढकललं. मेवलिदा त्या दिवशी अंगणात येऊन कोंबड्यांना दाणे टाकत बसली, एकाच जागी, मूठभर मूठभर. मला वाटलं, फुलाच्या जागी मी असते तर? मग आठवलं, माझ्यावरही गावाचं नाव आहेच की. मलाही दगड बसलाच असता.

पुढल्या वर्षी सगळ्यांना एकसारख्या प्लेटा आल्या. तीन आकडे, एक अक्षर, तीन आकडे. अक्षरं अशी निवडली होती की दोन्ही लिप्यांत सारखीच दिसावीत. गाडी कुठली, कोणाची, काही म्हणून कळायचं नाही.

"ही काय प्लेट झाली? ना गाव, ना ठिकाण," मेहदिया कुरकुरला. "अनाथ गाडी दिसते."

"अनाथ दिसू दे. माझी पोर बिनलग्नाची नको राहायला," राबिया म्हणाली.

मला त्या नव्या प्लेटेचा राग आला होता. माझी जागा घेतलीस ती घेतलीस, निदान गावाचं नाव तरी सांग! असं मी मनात म्हणत होते, तोच राबियानं पक्कड आणून माझे खिळे उपसले.

"अगं, छप्पर गळेल! आणि तो पत्रा कोणी पाहिला म्हणजे?"

"गळू दे. आणि पाहतोय कोण? माझ्या पिशवीत आहे."

तिनं मला व्हिनेगरनं पुसलं आणि कॉफी-साखरेच्या पुड्याखाली टॉवेलात गुंडाळलं. ते शेवटचं वळण आलं तेव्हा तिचा हात टॉवेलावर घट्ट होता. माणसं तिथं बसलेली होती. त्यांनी प्लेट पाहिली, काही कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा आपल्या सिगारेटी ओढायला सुरुवात केली. कोणी वाट अडवली नाही. नव्या प्लेटेवरचा माझा राग तिथंच उतरला.

विदोसावच्या कुंपणापाशी गाडी थांबली. पण ती आता हिरवी रंगवलेली, एक दार दुसऱ्याच गाडीचं. नंबरावरून काही बोध नाही. म्हातारा विदोसाव काठी टेकत उठला, त्यानं संशयानं पाहिलं आणि तो घरात जाऊन कडी लावायला वळला.

"हाक मार ना!" राबिया म्हणाली.

मेहदियाला हाकेआधी जुनी खूणच आठवली. त्यानं हॉर्न दाबला, तो तर मुकाच. तेव्हा राबियानं टॉवेल फेडला आणि मला दोन्ही हातांनी समोरच्या काचेला लावलं.

विदोसाव थबकला. जवळ आला. माझी अक्षरं, चांदणी, एकेक आकडा त्यानं वाचला. मग त्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पीप पीप, पीऽऽप!"

"पीप पीप, पीऽऽप!" गाडीतून मेहदिया ओरडला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मागच्या सीटवरून मेवलिदा उडी मारून उतरली. तिच्या केसांवरून हात फिरवत विदोसाव म्हणाला, "जावळ चांगलं वाढलंय की गं! तारीख कधीची?"

कॉफी झाल्यावर तो म्हणाला, "ही मला देऊन जा. निदान दारावर गावाचं नाव राहील."

तेव्हापासून मी डोंगराच्या या बाजूला, विदोसावच्या फाटकावर आहे. माझी बहीण पलीकडे खुराड्यावर आहे. नंबर दोघींचा एकच. जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा वाचून बघा, मित्रांनो. आणि रस्त्यात परक्या गावची गाडी दिसली तर खाली वाकून दगड शोधू नका, हॉर्न वाजवा. तो बिघडला असेल, तर तोंडानं वाजवा.