भिंतीशी बोलणारी आई

"आली बघा, भिंतीवाली आली!" सुदर्शन सरांनी उत्तरपत्रिका उंच धरली. "सकाळपासून सतरावी. राजकन्या मॅडम, तुमच्या गठ्ठ्यात किती?"

राजकन्या मॅडमनी आपला गठ्ठा जवळ ओढला. नांदेडच्या मूल्यांकन केंद्रात पंखे आणि प्राध्यापक आवाज जास्त करतात, वारा कमी देतात. मे महिन्यात तर फारच.

बी.ए.चा मराठीचा पेपर. नेमलेल्या कथेतल्या आईचं व्यक्तिचित्र रेखाटा, गुण सोळा. उत्तर सगळीकडे एकच: 'कथेतील आई चुलीपुढे बसून भिंतीशी बोलते, कारण तिचे दुःख ऐकायला घरात दुसरे कोणी नाही.' अक्षरं वेगळी, आई तीच. भावही ठरलेला. भिंत असली की दहा, भिंतीखाली रेघ मारलेली असली की अकरा. वाचत कुणीच नव्हतं; सगळे भिंत शोधत होते.

ही भिंत राजकन्या मॅडमनीच बांधलेली. उदगीरच्या कॉलेजात तासिकेवर लागल्या, त्या वर्षी एका गाइडसाठी त्यांनी हे उत्तर लिहून दिलं होतं. "मॅडम, जरा काळीज घाला त्यात," गाइडवाला म्हणाला होता, "पोरांच्या लवकर ध्यानात ऱ्हातंय." मूळ कथेतली आई शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. जळकोटला मॅडमची स्वतःची आई, धोंडाबाई, तीही तशीच. न बोलणाऱ्या बाईवर दोन पानं भरेनात, म्हणून मॅडमनी तिच्यापुढं भिंत उभी केली आणि तिला बोलतं केलं. पोरांनी ते पाठ केलं, मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, आणि यंदा केंद्राच्या आदर्श उत्तरात ते मुद्दा क्रमांक तीन होऊन बसलं. धोंडाबाई मागच्या पोळ्याला गेली. न बोलताच.

दुपारी मॅडमच्या हाती एक उत्तरपत्रिका आली. नाव झाकलेलं, अक्षर वाकडं.

'या कथेतील आई काहीच बोलत नाही. मी कथा दोनदा वाचली, कारण मला वाटले एखादे पान सुटले. माझी आई पण बोलत नाही. आम्हा बहिणींना वाटायचे, तिला काही म्हणायचेच नसेल. पण ज्याच्यावर तिचा राग असतो त्याला ती टोपल्यातली भाकरी देते, तव्यावरची देत नाही.'

मॅडमनी ते परत वाचलं. आपल्या ताटात टोपल्यातली केव्हा केव्हा पडली होती, ते आठवू लागल्या. मग समासात चौदा लिहिले.

केंद्रात तपासलेल्यावर पुन्हा तपासणारे असतात, ते नियामक. देगलूरचे नागप्पा सर. त्यांचा पेन हिरवा.

"चौदा? अन् भिंत कुठाय?"

"कथेत भिंत न्हाईच, सर."

"आदर्श उत्तरात हाय की!"

"कथेतली बाई बोलतच न्हाई. ह्या पोरीनं कथा वाचलीय, सर. पुस्तक आणा, दावते तुमाला."

पुस्तक म्हटल्यावर सभागृहात शोधाशोध झाली. गाइडं तीन निघाली. पुस्तक एकही नाही.

"भिंत मी लिहिली," मॅडम म्हणाल्या. "गाइडात. खोटी हाय ती."

नागप्पा सर पोट धरून हसले. "अवो, मग तर हे तुमचंच उत्तर! सोताच्या उत्तराला दहा, अन् हिला चौदा देऊन राहिल्यात?"

"मॅडम, तुमच्या भिंतीनं अर्धा जिल्हा पास केलाय," सुदर्शन सर म्हणाले. "उगं पाडू नका आता."

नागप्पा सरांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज उतरवला. "हिला चौदा ठिवले तर बाकीच्यांचं काय करू? समदे गठ्ठे फोडू? अन् जूनला तुमची पर्मनंटची मुलाखत हाय. मी हाय तिथं. मी काय वाईट माणूस न्हाई, मॅडम."

वाईट नव्हतेच. त्यांनी चौदा खोडून हिरव्या शाईनं चार केले. बेरीज अडतीसवरून अठ्ठावीसवर आली. पास व्हायला बत्तीस लागतात.

"सही करा."

"पोरगी नापास व्हईल, सर."

"देईल की परत. तवर गाइड वाचंल."

मॅडमनी पेन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. एरवी त्या नुसती आद्याक्षरं करतात. या वेळी पूर्ण नाव लिहिलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. तिला दहा दिले. तिच्या पुढचीलाही दहा.

संध्याकाळी दगडोबा शिपाई सुतळी घेऊन आला. त्यानं गठ्ठा गुडघ्याखाली दाबला, सुतळी आवळली, पहिली गाठ मारली.

"बोट ठिवा, मॅडम. सैल पडून राहिलंय."

मॅडमनी गाठीवर बोट ठेवलं. दगडोबानं त्यावरून दुसरी गाठ आणली.

"हं, काढा आता."

बोट तिथंच राहिलं.

"काढा की, मॅडम. गुतंल."

सुतळीची दोन्ही टोकं हातात धरून दगडोबा थांबून राहिला.