कापसाचा पाठ

सराव शाळेतली पोरं म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेली. खामगावात शिक्षिका व्हायला आलेल्या बाया दरवर्षी त्यांच्यावरच हात बसवायच्या. त्यामुळे गाय, पोस्टमन आणि कापूस हे पाठ तिसरीच्या पोरांना बायांपेक्षा जास्त पाठ होते. बाई कोणत्या प्रश्नानंतर खडू उचलणार, हेसुद्धा त्यांना आधी ठाऊक असायचं.

सिंधूला या पोरांची भीती वाटायची. हसू नका. मागच्या साली बेबीताई याच वर्गापुढे वार्षिक पाठात नापास झाली होती आणि यंदा पुन्हा सिंधूच्याच शेजारी बसून त्याच पाठाचं टाचण काढत होती. बेबीताईचं निभावलं, तिला मायेचं माहेर होतं. सिंधूचं तसं नव्हतं. जळगाव जामोदचं सासर सोडून ती बीबी गावी भावाच्या दारी आली होती. सासू अंबूबाई मारायची, तेही मोठ्या हुशारीनं. दंडाला, बाहीच्या आत, नखांचा चिमटा. गावाला कधी वळ दिसला नाही.

नव्या जिल्हा परिषदेच्या शाळा गावोगाव निघत होत्या, पास झालेल्या बाईला नोकरी हमखास होती. म्हणून भाऊ उकंडरावानं तिला इथं घातलं. पण एसटीत बसवताना त्यानं सांगून टाकलं, "पास झालीस तं मास्तरीण. नापास झालीस तं मी सोता तुले जामोदले नेऊन सोडतो. मंग मले बोल लावू नको." उकंडराव शब्दाचा पक्का माणूस. हेच तर भय होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं वर्गात पाठ घोळवला. रीत अशी, की पाठाचं नाव बाईनं आपल्या तोंडानं आधी सांगायचं नाही. प्रश्न विचारत विचारत ते पोरांकडून काढायचं. सिंधूनं घसा साफ करून पहिला प्रश्न टाकला, "आपण अंगात काय घालतो?"

"कापूस!" पुढच्या रांगेतली चांगुणा उभी राहून ओरडली. "बाई, आज आपल्याले कापूस शिकाचा हाये!"

वर्ग खदखदून हसला. उद्या परीक्षक साहेबांपुढे हेच झालं तर प्रस्तावनाच संपली, आणि पुढे जामोदची वाट.

शाळा सुटल्यावर तिनं चांगुणाला दाराआड घेतलं. समजावून सांगायचं, एवढंच मनात होतं. पण पोरगी हसत होती, आणि सिंधूचा हात आपोआप तिच्या दंडाकडे गेला. पोलक्याच्या बाहीच्या आत. नखांनी.

"उद्या तोंड उघडशीन तं याद राख."

पोरीनं बाही खाली ओढली आणि दप्तर घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक साहेब मागे खुर्ची टाकून बसले. सिंधूच्या हातून खडू दोनदा पडला. पण पाठ मात्र लोण्यासारखा गेला. अंगात कपडे, कपडे सुताचे, सूत कापसाचं. "तर मुलांनो, आज आपण कापसाची माहिती घेऊ." बोंडं दाखवली, सरकी काढून दाखवली. सगळं टाचणाबरहुकूम झालं. आता साहेब उठतील, असं तिला वाटलं.

साहेब उठले ते थेट पुढच्या रांगेकडे आले. "तू गं? तासभर गप्प बसलीस. सांग, सरकीपासून काय निघतं?"

चांगुणा उभी राहिली. जिनिंगमध्ये कापसाची सरकी काढायला राबणाऱ्या कडूबाची ती लेक, सरकीचं तेल तिला काय ठाऊक नसेल! पण तिनं साहेबांकडे पाहिलंच नाही. ती सिंधूकडे बघत राहिली, ओठ गच्च मिटून.

"मुकी आहे काय ही?" साहेबांनी सिंधूला विचारलं.

सगळा वर्ग सिंधूकडे पाहू लागला. या पोरीची टकळी अख्ख्या शाळेला ठाऊक होती. खरं सांगावं, असं एकदा सिंधूच्या ओठांवर आलं. तेवढ्यात तिला जामोदचं दार दिसलं, दारात अंबूबाई दिसली.

"हो साहेब," ती म्हणाली. "ती बोलत नाही."

एकही पोर हसलं नाही.

"अरेरे," साहेब म्हणाले. "पण वर्गावर तुमची हुकमत आहे हं. शिस्त छान. पास आहात तुम्ही, काळजी करू नका."

साहेब गेले. सिंधू टेबलाला धरून उभी राहिली. सुटली होती ती, जन्माची सुटली होती. पोरं गपचूप बाहेर पडली. चांगुणा मात्र जागची हलली नव्हती. बाईनं खाली बस म्हटलं नव्हतं, म्हणून ती अजून उभीच होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आता बोलू काय?"

सिंधूला भडभडून आलं. "बोल वं माय, बोल," म्हणत ती पुढे झाली आणि पोरीच्या डोक्यावरून फिरवायला तिनं हात उचलला.

चांगुणानं डोळे गच्च मिटले आणि दंड बरगड्यांशी दाबून अंग चोरलं. जामोदला तीन वर्षं सिंधूही तशीच उभी राहायची.