अडून बसलेली भाषा

जरा कल्पना करा, मुलांनो. तुम्हाला तहान लागली आहे आणि तुम्हाला दोन भाषा येतात. तुम्ही पाणी मागायला जाता, तेव्हा दोन्ही भाषांतले शब्द उठून जिभेकडे धावतात. दोघांना एकदम बाहेर पडता येत नाही. मग डोक्यातलं कुणीतरी एकाला म्हणतं, "तू थांब," आणि दुसऱ्याला म्हणतं, "तू जा." हे इतकं झटपट होतं की तुम्हाला पत्ताही लागत नाही. आता समजा, ते 'थांब' म्हणणारंच एके दिवशी आजारी पडलं आणि हव्या त्याच भाषेला अडवून बसलं, तर?

ठकीच्या आजोबांचं तसंच झालं होतं.

"अहो, दूध आणलंय. आ करा," आजी म्हणाली.

आजोबा पलंगावर उशांना टेकून बसले होते. आजीचं बोलणं त्यांना सगळं कळत होतं. पण उत्तर आलं ते दुसऱ्याच भाषेत, इस्पितळाच्या.

छत्तीस वर्षं ते एका मोठ्या इस्पितळात दुभाषी होते. डॉक्टर एका भाषेत बोलत, गरीब रोगी घरच्या भाषेत, आणि आजोबा मध्ये स्टुलावर बसून इकडचं तिकडे करत. ती इस्पितळाची भाषा त्यांनी घरी कधी आणली नाही. संध्याकाळी कोट खुंटीला टांगला की तीही तिथेच टांगलेली. आजीला ती येत नव्हती. ठकीला शाळेमुळे येत होती.

तीन आठवड्यांपूर्वी आजोबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि घरची भाषा तोंडातून गेली.

"काय म्हणतायत?" आजीनं विचारलं.

"आजोबा म्हणतात, साखर जास्त झालीय."

"बेचाळीस वर्षं मुकाट्यानं प्यायले. आता तक्रार करतायत, तीही मला कळणार नाही अशी!" आजी हसायला गेली, पण ते काही जमलं नाही. "कामावरची भाषा बरी लक्षात राहिली गं. माझीच तेवढी विसरले."

"विसरले नाहीत गं आजी. मी सांगते ना तुला सगळं."

"राहू दे. मला माझा नवरा पोरीच्या तोंडून ऐकायचा नाही."

त्या दिवसापासून आजी दूध द्यायची, औषध द्यायची, चादर बदलायची आणि लगेच स्वयंपाकघरात जाऊन बसायची. भांडी घासून झालेली असली तरी पुन्हा घासायची. आजोबा दाराकडे बघत राहायचे.

गुरुवारी दुपारी बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई आल्या. त्यांना इस्पितळाचीच भाषा येत होती. त्यांनी आजीला चमचा दाखवत काहीतरी सांगितलं. ठकी तोंड उघडणार, तेवढ्यात आजोबा ताठ झाले, आजीकडे वळले आणि घरच्या भाषेत खणखणीत म्हणाले, "बाई, रोग्याला पाणी चमच्यानं पाजा. घाई केलीत तर ठसका लागेल."

आजी पलंगाशी आली.

"अहो, बोललात! अजून बोला ना. मला हाक मारा. मारा की!"

आजोबांनी तोंड उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या. आणि बाहेर पडली ती पुन्हा इस्पितळाची भाषा.

बाईंनी ठकीला बाजूला घेऊन समजावलं. "तुमच्या घरची भाषा पुसली गेलेली नाही. ते स्वतःच्या मनातलं बोलायला गेले की मेंदू ती दाबून धरतो. दुसऱ्याचं म्हणणं पोचवायचं असलं की ती सुटते, कारण ती वाट रोजच्या कामानं पक्की झालेली आहे. असं क्वचितच घडतं. पण हे तरी किती दिवस टिकेल, ते मी सांगू शकत नाही."

ठकीनं आजीला ते सगळं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं.

"म्हणजे जगाचं बोलता येतं, स्वतःचं नाही," ती म्हणाली. "आणि मला बाई म्हणाले. बाई! मी कुणी इस्पितळाच्या रांगेत बसलेली बाई आहे का?" डोळे पुसत ती आत गेली.

संध्याकाळी ती औषध घेऊन आली, तेव्हा आजोबा ठकीला इस्पितळाच्या भाषेत म्हणाले, "तिला सांग, ती खोलीतून गेली की मला भीती वाटते."

ठकीनं आजीकडे पाहिलं. आजी औषध पाजून दाराकडे वळलीसुद्धा होती.

"आजी, एक मिनिट थांब ना."

"नको म्हटलं ना तुला!"

"मी नाही सांगणार काही. तू नुसती उभी राहा."

ठकी पलंगाच्या पलीकडे गेली. आता एका बाजूला ती, एका बाजूला आजी आणि मध्ये आजोबा. तिनं डॉक्टरांसारखे हात मागे बांधले आणि आजीकडे बघून इस्पितळाच्या भाषेत म्हणाली, "तुम्ही खोलीतून गेलात की मला भीती वाटते."

आजोबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. चांगला दुभाषी 'ते म्हणतात' असं कधी म्हणत नाही. ज्याचं बोलणं असेल त्याच्या जागी उभा राहून तो 'मी'च म्हणतो. छत्तीस वर्षांत आजोबांनी हा नेम मोडला नव्हता. ते आजीकडे वळले.

"बाई," ते घरच्या भाषेत म्हणाले, "तुम्ही खोलीतून गेलात की मला भीती वाटते."

हातातली बाटली खाली ठेवून आजी पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांचा लुळा हात तिनं मांडीवर घेतला.

"बाई तर बाई," ती म्हणाली. "कुठं जात नाही मी. बोला."

आजोबा बोलू लागले. इस्पितळाच्या भाषेत, अडखळत, पुष्कळ वेळ. मध्येच रडले, पुन्हा बोलले. आजीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिनं त्यांच्या तोंडावरून नजर हलवली नाही.

ठकी ते संपेपर्यंत थांबली. बाहीनं नाक पुसलं. मग पहिल्या शब्दापासून, काही न गाळता, ती ते सगळं इस्पितळाच्या भाषेत आजोबांनाच परत सांगू लागली, आणि आजोबा आजीकडे वळले.