भांडणाच्या वाटेतले गाळे

नगरपरिषदेनं सेलूतल्या आमच्या गल्लीत एक नोटीस चिकटवली. जुन्या जिनिंगच्या मोकळ्या जागेवर शिवप्रकाश नावाचा बिल्डर खाली दुकानांचे गाळे आणि वर पाच मजले बांधणार आहे, कुणाची हरकत किंवा सूचना असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी, असं तिच्यात होतं. गल्लीनं हे मतदानासारखं घेतलं. दिलं नाही तर यादीतून नाव उडेल, अशी बातमी पसरली. मग ज्यांना काहीच हरकत नव्हती तेही हरकत शोधायला लागले, आणि माझं अक्षर बरं म्हणून रांग माझ्या दारात लागली.

महालिंगकाकांची हरकत उंचीवर होती. इमारत बुटकी आहे, शेजारच्या मानवत गावात सहा मजली होणार असं मेहुणा सांगतो, मग आमच्या तोंडाला पाच का पुसता. गीताबाईंना धास्ती होती की पाचव्या मजल्यावरचे लोक त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या मोजतील. एकानं नुसतंच लिहायला सांगितलं, "माझी हरकत आहे. कारण नंतर कळवतो."

सगळ्यात शेवटी नागुबाई आल्या. वय बहात्तर, पोरं पुण्यात, घर जिनिंगच्या जागेच्या अलीकडच्या कडेला.

"लिही," त्या म्हणाल्या, "बिल्डिंगमुळं माझं भांडण बंद पडायलंय."

मी लिहिलं. विषय : दररोजच्या भांडणास अडथळा निर्माण होत असल्याबाबत.

हे भांडण गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. त्या जागेच्या पलीकडच्या कडेला पार्वतीबाई राहतात, त्याही एकट्याच. रोज सकाळी सात वाजता दोघी आपापल्या ओट्यावर येतात आणि मोकळ्या जागेवरून एकमेकींचा उद्धार करतात. तीस-बत्तीस वर्षं झाली. सुरुवात एका उखळावरून झाली होती. ते उखळ आता दोघींकडंही नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी पलीकडून उत्तर आलं नाही. नागुबाईंनी तीन शिव्या टाकून पाहिल्या, तिसरी तर पार्वतीबाईंच्या माहेरावर होती. तरी उत्तर नाही. तेव्हा त्यांनी मला उठवलं, "जा रे भागवत, पळ, ती माहेरावरचं ऐकून घेणारी बाई न्हाई." पार्वतीबाई न्हाणीत पडल्या होत्या. रात्रीपासून.

सुनावणीला सगळी गल्ली नगरपरिषदेत. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी उंचीची हरकत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग नागुबाईंचा अर्ज निघाला.

"आजी, भांडणाला कायद्यात तरतूद नाही."

"आमी कुठं तरतूद मागितली सायेब? भांडण आमचं आमी करतो. मधी तेवढं भिंत घालू नका."

शिवप्रकाश माणूस वाईट नव्हता. फक्त पुण्यात वाढला होता. तो म्हणाला, "मावशी, मी दोघींना मोबाईल घेऊन देतो. व्हिडिओ कॉलवर भांडा, तोंडसुद्धा दिसेल."

"फोनवर ती कट करती. वट्ट्यावर कट करून दाखव म्हणावं."

"मग त्यांच्या घरी जात जा की. दोन मिनिटांवर तर आहे."

हॉलमधल्या बायांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

"घरी आलेल्या बाईला च्या द्यावा लागतो बाप्पा," नागुबाई सावकाश म्हणाल्या. "निघताना वाटीत कायतरी घालून द्यावं लागतं. वाटी रिकामी परत देता येत न्हाई. ती पडली तवा मी एकदा भाजी धाडली. मग वाटीत तिचा चिवडा आला, मग माझे लाडू गेले. अकरा दिवस. अकरा दिवसांत एक शब्द भांडता आला न्हाई आमाला. जीव नुस्ता गुदमरून गेला."

"पण रोज भांडायलाच हवं का?" साहेबांनी विचारलं.

नागुबाई म्हणाल्या, "तिचा आवाज आला की कळतं, उठलीया. माझा तिकडं गेला की तिला कळतं. दुसरं कोण इचारायला बसलंय आमाला?"

साहेबांनी मागच्या रांगेत बसलेल्या पार्वतीबाईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं.

"मला काई हरकत न्हाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "बांधा. भिंत जाड घाला."

नागुबाईंनी पदर सारखा केला आणि खाली बघत राहिल्या. मला मात्र प्रकार थोडा कळला होता : नागुबाई अलीकडं असतील तर पार्वतीबाई पलीकडंच असणार. हॉल असला म्हणून काय झालं.

तरी साहेब भला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्थळपाहणीला आले, बरोबर शिवप्रकाश. शिवप्रकाशच्या माणसानं पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर गाळ्यांच्या रेघा आखून ठेवल्या होत्या. दोघी ओट्यावर उभ्या होत्या. नागुबाईंनी तोंड उघडलं नाही. कालचं लागलं होतं.

पाच मिनिटं गेली. पार्वतीबाई ओट्याच्या कडेला आल्या. मग पायरीवर.

"ए फक्कीवाल्या," त्या ओरडल्या, "हितं काय येणार?"

"गाळा येणार आजी. चार नंबर. शटर लावलेला."

"मग ही बाई मला दिसणार कशी? आज तोंड का फुगवलंय ते शटरला इचारू का?"

शिवप्रकाशनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी नकाशाकडं पाहिलं. मग शिवप्रकाश गेला आणि चार नंबरच्या रेघा बुटानं पुसायला लागला. "बोळ ठेवतो इथं," तो म्हणाला. "आरपार. किती रुंद पाहिजे?"

"धा फूट," नागुबाई म्हणाल्या.

"आठ बास झाले," पार्वतीबाई म्हणाल्या. "एवढी रुंद न्हाई ती."

मोजायला दोघी उतरल्या. एक गुडघा धरत, दुसरी काठी टेकत, जिनिंगच्या जागेच्या बरोबर मधोमध समोरासमोर आल्या आणि थांबल्या. इतक्या जवळून भांडायची सवय दोघींनाही नव्हती. फक्कीवाला टेप धरून उभा, साहेब उभे, मी उभा.

"गुडघा कसाय?" नागुबाईंनी हळूच विचारलं.

"हाय."

"नऊ फूट करा," नागुबाई शिवप्रकाशला म्हणाल्या.

दोघी वळल्या. परत जायला चांगली दहा मिनिटं लागली, कुणीच घाई केली नाही. पार्वतीबाई आपल्या ओट्यावर पोचल्या, खांबाला धरून दम खाल्ला, नागुबाईही त्यांच्या ओट्यावर पोचल्याची खात्री केली, आणि मग "नऊ फूट कुणाच्या बापाला विचारून सांगितले?" इथून सुरुवात केली.